खंबा-थोइबी, तालमीच्या नोंदी (इंफाळ, २०२२)

४ ऑक्टोबर

नोंदी ठेवायच्या ठरवलंय, कारण नंतर कोण काय म्हणालं आणि कुठला माइक कुठे होता यावरून भांडणं होतात. काम काय ते आधी लिहून टाकतो. मणिपुरातल्या मोइरांगची खंबा-थोइबीची प्रेमकथा, दीड तासात, जवळजवळ पूर्ण गाण्यातून. मधे एक सांगणारा, त्याच्या हातात पेना (गजाने वाजवायचं इथलं एका तारेचं वाद्य), बाजूला ढोलक, आणि सहा नट, जे लागेल तेव्हा पात्र होणार आणि नको तेव्हा कोरस. मी साउंड बघणार आणि संगीताच्या बांधणीला हात लावणार. ग्रुप इथलाच, छोटा. दिग्दर्शिकेला सगळे इचे म्हणतात, म्हणजे ताई, म्हणून मी पण इचेच म्हणतो, वयाने मी मोठा असलो तरी. आणि पोरांनी मला तामो करून टाकलंय, म्हणजे दादा. बोलणं हिंदीत, त्यात इंग्रजी, आणि भांडण रंगलं की सगळे मैतेईत, म्हणजे इथल्या भाषेत, जातात आणि मी चहा घेतो.

पुण्यातून फोन, संगीत नाटक बसवतोयस का म्हणून. नाही रे बाबा. आपल्या संगीत नाटकात गोष्ट संवादांवर चालते, पद आलं की ती थांबते, लोक वन्समोअर देतात, मग पुन्हा चालू. इथे उलटंय. गाणारा गोष्ट ओढत नेतो, नट त्याच्या मागून चालतात, आणि तो थांबला की गोष्टच थांबते. त्यामुळे शाहिराच्या जास्त जवळचं आहे हे, आणि माझं काम त्यामुळे सोपंही आहे आणि अवघडही, सोपं कारण एकच आवाज सांभाळायचा, अवघड कारण तो एक गेला की प्रयोग गेला.

७ ऑक्टोबर

गोष्ट माझ्यासाठी एकदा सलग लिहून ठेवतोय, तालमीत तुकडे तुकडे होतात आणि क्रम डोक्यात राहत नाही.

मोइरांग म्हणजे लोकताक तळ्याच्या काठचं जुनं राज्य, देव थांगजिंग. खंबा खुमन कुळातला, आईबाप लहानपणीच गेलेले, मोठ्या बहिणीने, खम्नुने, लोकांकडे राबून मागून वाढवलेला. थोइबी राजघराण्यातली, राजाच्या भावाची मुलगी. तळ्यावर ती मैत्रिणींबरोबर मासे धरायला जाणार म्हणून पुरुषांनी तळ्यावर जायचं नाही असा हुकूम, आणि हा नेमका त्याच दिवशी होडी घेऊन तिथे. झालं. मधे आडवा येतो नोंगबान, मोठ्या घरचा, थोइबीच्या बापाला तोच जावई हवा. मग शर्यत, कुस्ती, माजलेला बैल पकडायचं काम खंबाच्या गळ्यात टाकणं, मग त्याला मारून हत्तीला बांधणं, थोइबीने येऊन सोडवणं, बापाने चिडून थोइबीला पार कबाव खोऱ्यात पाठवणं (आता ते म्यानमारमध्ये), ती परत येते, वाघाची शिकार होते, नोंगबान वाघाच्या तोंडी जातो, खंबा वाघ मारतो, लग्न. इथे हिंदी पिक्चर संपला असता. पण शेवट पुढेच आहे. लग्नानंतर खंबाला अवदसा आठवते, थोइबी किती पक्की आहे ते बघू म्हणून रात्री परका माणूस असल्यासारखा भिंतीतून काठी आत सारतो. ती आतून भाला फेकते. कोण होतं ते कळल्यावर तोच भाला स्वतःला.

हिजम अंगांगहल यांनी यावर महाकाव्य लिहिलं, जवळपास ३९,००० ओळींचं, आणि ते कागदावर यायच्या आधी आणि नंतरही लोक ही गोष्ट ऐकतच होते, पेनावर, अंगणात, रात्र रात्र. आम्हाला दीड तास. शर्यत आणि कुस्ती काढली. इचे म्हणाली हे काढलं तर कुणाला काही वाटणार नाही. बघू.

१२ ऑक्टोबर

ओजा आले. ओजा म्हणजे गुरुजी, इथे शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाला ओजाच म्हणतात, पण आमचे हे ओजा म्हणजे पेनावाले, मोइरांगच्या बाजूचे, बोलतात कमी.

पेना मी व्हिडिओत बघितला होता, हातात आज घेतला. अर्धी करवंटी, तोंडावर चामडं ताणलेलं, त्यातून आरपार बांबूचा दांडा, आणि एकच तार, तीही घोड्याच्या केसांची. गज वाकडा, धनुष्यासारखा, आणि त्याला छोटे घुंगरू. म्हणजे उजवा हात एकाच वेळी सूरही काढतो आणि ठेकाही धरतो. डाव्या हाताची बोटं तार दांड्यावर दाबत नाहीत, नुसती लागतात, त्यामुळे सूर कधी चौकटीत बसत नाही, सतत थोडा हलतो. ओजांच्या गळ्यात पण तोच कंप. गळा आणि तार वेगळी करता येत नाहीत, आणि करायचीही नाहीत.

माइकचा प्रश्न इथेच आला. गाण्यासाठी समोर माइक ठेवला की घुंगरू गळ्यापेक्षा मोठे वाजतात. करवंटीवर छोटा क्लिप माइक लावला तर सूर घट्ट येतो पण गजाचा खरखरीतपणा जातो, तो गेला तर पेना कशाला, सारंगी आणली असती. शेवटी एकच कंडेन्सर माइक, छातीच्या उंचीवर, हातभर लांब, आणि ओजांना सांगायचं की हलू नका. ओजा हलतात. हलणारच, गोष्ट सांगतायत. म्हणून माइक एका पोराच्या हातात, त्याने ओजांबरोबर हलायचं. हे नीट चाललं. पोराला गोष्ट पाठ आहे, त्याला आधीच कळतं ओजा कुठे वाकणार.

तालीम गल्लीतल्या मंडपात. पत्र्याचं छप्पर. पाऊस आला की सुट्टी.

१७ ऑक्टोबर

प्रस्तावना हवी की नको यावर अख्खा दिवस गेला. एका नटाचं म्हणणं की मैतेईंची सृष्टीची गोष्ट आधी घ्यावी, म्हणजे बाहेरच्या प्रेक्षकाला जग कळेल. ती गोष्ट मला ऐकताना हसू आलं, कारण ओळखीची निघाली. बाप दोन मुलांना म्हणतो, जो जगाला चक्कर मारून आधी येईल त्याला गादी. थोरला सनामही निघाला. धाकटा पाखंगबा आईच्या सल्ल्याने बापाच्या सिंहासनालाच फेरी मारून मोकळा. आपला गणपती आणि कार्तिकेय. फरक असा की इथला थोरला रुसून डोंगरावर जात नाही, चिडून तांडव करतो, आणि मग त्याची समजूत काढतात की राज्य धाकट्याचं, पण घराघरात पूजा तुझी. आजही मैतेई घरात नैऋत्येच्या कोपऱ्यात सनामहीची जागा असते. इचेच्या घरी बघितली.

गोष्ट कितीही भारी असली तरी आमच्या नाटकात तिचं काय काम? काही नाही. माहिती म्हणून लावलेली प्रस्तावना लगेच कळते. काढली. ओजा थांगजिंगचं नाव घेतील, मोइरांगचं नाव घेतील आणि सुरू करतील, एवढं पुरे.

आणि एक नियम ठरला, तो इथे ठळक लिहून ठेवतो. लाइ हराओबातलं काही रंगमंचावर आणायचं नाही. लाइ हराओबा म्हणजे वनदेवतांचा उत्सव, त्यात माइबी, म्हणजे देवाची पुजारीण, पाण्यातून देवाला बोलावते, मग नाचातून शरीर घडतं, घर बांधलं जातं, शेती होते, कापड विणलं जातं. पेना तिथेही असतोच. बाहेरून आलेल्याला, म्हणजे मला, ते सगळं जसंच्या तसं उचलून नाटकात घालावंसं वाटतं. इचे शांतपणे म्हणाली, ते प्रयोगासाठी नाही, देवासाठी आहे. खंबा आणि थोइबी थांगजिंगसमोर नाचतात तो नाच तेवढा घेणार, तो आधीपासूनच मंचावर होत आलाय.

२० ऑक्टोबर

ढोलकवरून वाद. ओजांना ढोलक नको. त्यांचं म्हणणं मोइरांगची गोष्ट पेनाची. ढोलक खोंगजोम पर्वाचा.

खोंगजोम पर्व म्हणजे इथला पोवाडाच म्हणा. १८९१ ला इंग्रजांशी लढाई झाली, खोंगजोमला, २३ एप्रिलला, त्यात मणिपूरचे सेनाधिकारी पाओना ब्रजबासी पडले, नंतर युवराज टिकेंद्रजित आणि थांगल जनरल यांना १३ ऑगस्टला फाशी दिली. इंफाळच्या बाजारात फिरताना पाओना बाजार, थांगल बाजार ही नावं रोज येतात, ती हीच माणसं. या लढाईचं गाणं लेइनौ नावाच्या धोब्याने सुरू केलं असं सांगतात, आणि मग ढोलकवर ते गाण्याची पद्धतच पडली, बायकाही गायला लागल्या आणि फार ताकदीने गातात. मग त्याच चालीत जुन्या गोष्टी पण आल्या, त्यात खंबा-थोइबी आलीच. म्हणजे ढोलक एवढा काही उपरा नाही.

ओजांना हे माहिती नाही असं थोडंच आहे. त्यांचा मुद्दा वेगळा होता आणि तो मला पटला. ढोलक वाजला की गाणारा पुढे ढकलला जातो, त्याला थांबता येत नाही. पेनावर तो हवं तिथे रेंगाळतो. मग असं ठरवलं की दरबार, कटकारस्थान, गर्दी, शिकार, हे ढोलकवर, गाणार ढोलकवाली, आणि खंबा, थोइबी, खम्नु यांचं आतलं सगळं पेनावर. दोन्ही एकत्र फक्त एकदाच, बैलाच्या वेळी. ओजा "बघू" म्हणाले. "बघू" म्हणजे चाळीस टक्के हो.

मी डफ-तुणतुण्याचा विषय काढलाच नाही. पुण्यातल्या एकाने सुचवलं होतं की थोडा मराठी टच दे. कशाला?

२८ ऑक्टोबर

या आठवड्यात तालीम नाही. निंगोल चाकौबा. आपल्या भाऊबीजेच्याच सुमारास येतो आणि तसाच सण, लग्न झालेल्या मुली माहेरी जेवायला, भाऊ बोलावतो, जेवण, भेटी, माशांचे भाव गगनाला. पूर्वी म्हणे उलटं होतं, राणी लाइस्रा भावाला बोलवायची, नंतर राजा चंद्रकीर्तींच्या काळात भावाने बहिणीला बोलवायचं सुरू झालं. मला इचेच्या माहेरी जेवायला नेलं. मासा तीन प्रकारचा, एरोंबा (उकडून कुस्करलेल्या भाज्या), आणि शेवटी चाखाओची खीर, काळ्या तांदळाची, जांभळी दिसते. एरोंबात ङारी असते, आंबवलेला मासा, पहिल्या घासाला घर आठवतं आणि पाचव्या घासाला वाढा म्हणावंसं वाटतं.

पण नोंद यासाठी की जेवताना इचेची आई अचानक म्हणाली, तुमच्या नाटकात खम्नु किती वेळ आहे? आम्ही एकमेकांकडे बघितलं. सहा-सात मिनिटं असेल. त्या म्हणाल्या, मग गोष्ट कुणी सांभाळली?

खरंय. ज्याच्या त्याच्या डोक्यात थोइबी. पण पोराला वाढवलं खम्नुने, दुसऱ्यांच्या घरी राबली ती, आणि बैलाच्या वेळी खंबा जगतो तो खम्नुमुळे. बैल खरा त्यांच्या बापाच्या कळपातला. हे तिलाच माहिती. ती त्याला सांगते, रेशमी दोर दाखव आणि बापाचं नाव घे. नुसत्या ताकदीवर गेला असता तर मेला असता.

परतताना गाडीत इचे म्हणाली आपण खम्नुलाच सांगणारी करूया, ती भावाची गोष्ट सांगते. मला आधी ते फार आवडलं.

३१ ऑक्टोबर

ओजांनी ते एका वाक्यात उडवलं. म्हणाले, सांगणारा कुणाचा भाऊ-बहीण झाला तर नोंगबानच्या बाजूने कोण बोलेल?

विचार केला की पटतं. आत्ता ओजा नोंगबानचं दुखणंही तितक्याच मनाने गातात, बापाचा राग पण गातात, वाघ आला तर वाघाचं पण. खम्नु सांगायला बसली की सगळी गोष्ट एकीच्या डोळ्यातून जाणार, आणि हल्ली सगळीकडे तेच चालू आहे, प्रत्येक जुनी गोष्ट बाजूच्या पात्राच्या तोंडून. इथे ते नको. सांगणारा मोकळा राहू दे. पण खम्नुचा बैलाआधीचा भाग वाढवायचा, पूर्ण पेनावर, आणि तो वाढवण्यासाठी दरबारातले दोन तुकडे कापायचे. इचेने लगेच कापले. तिला स्वतःचं लिहिलेलं कापताना दुःख होत नाही, असे दिग्दर्शक कमी.

३ नोव्हेंबर

बैल कसा दाखवायचा. बांबूचा सांगाडा आणि कापड, असं एकाचं. दोन पोरं आत. दुसऱ्याचं मुखवटा. तिसऱ्याने तर प्रोजेक्टर काढला, त्याला बसवला. तालमीत सांगाडा आणून बघितला, बांबूचं काम सुरेख होतं, इथल्या माणसाच्या हातात बांबू म्हणजे काही विचारू नका, पण बैल आत आला की सगळे बैलाकडेच बघतात आणि ओजा काय गातायत याकडे कुणाचं लक्ष नाही.

मग हे असं केलं. ढोलक जोरात, बैल सुटलाय, कोरसची पोरं अंगणाच्या चारी बाजूंना पळतायत, बैल कुठेच नाही, नुसते पळणारेच. ओजा पेनासकट मधे घुसतात, दोन्ही वाद्यं एकत्र, एकमेकांवर. मग ढोलकवालीने एकदम हात काढला. ओजांनी गज तारेवरून उचलला पण हात हलवत राहिले, म्हणजे सूर बंद, फक्त घुंगरू, खळ खळ, खळ खळ, जनावर मान हलवतंय समोर. खंबा करणारा उकिडवा बसला, दोर दोन्ही हातांवर आडवा धरून पुढे केला आणि बापाचं नाव घेतलं, पुरेंबा, शेजारी बसलेल्याशी बोलावं तेवढ्याच आवाजात. घुंगरू दोनदा वाजले आणि गज तारेवर आला.

सांगाडा परत गेला. बांबूवाल्याचे पैसे दिले पूर्ण, त्याचा काय दोष.

ओजांचं ढोलकबद्दलचं मत आता साठ टक्के.

९ नोव्हेंबर

मोइरांगला जाऊन आलो सगळे. इंफाळहून पंचेचाळीस किलोमीटर, व्हॅन लागली ती खड्ड्यांमुळे. आधी थांगजिंगच्या देवळात, न विचारता सगळ्यांनी, ही गोष्ट करायची तर तिथे आधी जावंच लागतं. एप्रिल-मेमध्ये इथे मोठा हराओबा असतो. मग आझाद हिंद सेनेचं म्युझियम, १४ एप्रिल १९४४ ला इथे तिरंगा फडकवला होता, ते पटकन बघून तळ्यावर.

लोकताक बघून मला पहिल्यांदा कळलं की पहिल्या प्रसंगात खंबाला थोइबी एकदम कशी दिसते. तळं म्हणजे मोकळं पाणी नाही. फुमदी, म्हणजे गवत-मुळं-मातीचे तरंगणारे जाड तुकडे, मधे पाण्याच्या वाटा, होडी त्यातून वळणं घेत जाते आणि पलीकडे काय आहे ते वळल्याशिवाय कळत नाही. खालच्या बाजूला केइबुल लामजाओ, तिथे तर राष्ट्रीय उद्यानच तरंगतं, सांगाई हरणांचं. आम्ही हा प्रसंग एकमेकांकडे सरळ चालत येऊन करत होतो. आता कोरसची पोरं फुमदी. बसलेली, हळूहळू सरकणारी, आणि दोन होड्या त्यांच्यामधून वाट काढतात. ज्याला नाटकात नुसतं "कोरस" म्हणून बसायचा कंटाळा आला होता त्याला अचानक काम मिळालं.

पाण्याचे, होडीचे, पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड केले भरपूर. वापरणार नाही. ओजा गाताना पाणी येतंच, वर स्पीकरमधून खरं पाणी सोडलं तर टीव्ही सिरियल.

थोइबीसाठी मोइरांग फी, म्हणजे इथलं विणलेलं कापड, तिथेच घेतली. काठावर जी टोकदार नक्षी असते ती पाखंगबा या अजगररूपी देवाच्या दातांवरून आलेली. २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे या कापडाला. हातमागाचं घ्यायचं तर महाग, मशीनचं स्वस्त आणि लांबून सारखंच दिसतं, पण अंगणात प्रेक्षक हातभरावर बसतो आणि इथली प्रत्येक बाई एका नजरेत ओळखते. हातमागाचं घेतलं. बजेटचं रडगाणं इथे लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर

हॉल की अंगण? हॉल मिळत होता, लाइट चांगले, साउंड चांगला, मला सोपं. पण हॉलमध्ये केल्यावर ओजा एका बाजूला खुर्चीवर बसलेले "संगीत विभाग" होऊन जातात. अंगणात ते मधे. इथे शुमांग लीला आहेच, अंगणातलं नाटक, साधारण तेरा बाय तेरा फुटांची जागा, चारी बाजूंना लोक, सामान म्हणजे फार तर टेबल आणि दोन खुर्च्या, नट फिरत फिरत चारी दिशांना बोलतो. पुरुषांच्या मंडळींत बायकांची कामं पुरुष करतात, त्यांना नुपी शाबी म्हणतात आणि चांगल्या नुपी शाबीचे चाहते फिल्मस्टारसारखे. मोइरांगच्या गोष्टींवरचं मोइरांग पर्व पण त्याच घरातलं, गाण्याचं, आणि त्यात बायका आणि पुरुष दोघंही.

अंगण ठरलं. आता स्पीकर कुठे ठेवू? चार कोपऱ्यांत ठेवले की ओजा उत्तरेला आणि आवाज दक्षिणेकडून. म्हणून मधल्या खांबावर वर चार छोटे, चारी दिशांना तोंड करून, आणि आवाज एवढाच ठेवायचा की प्रेक्षकाला वाटेल ओजांच्याच छातीतून येतोय. मागच्या रांगेला थोडं कमी ऐकू येईल. येऊ दे, पुढे सरकतील.

२२ नोव्हेंबर

सांगाई फेस्टिव्हल सुरू. शहरातला प्रत्येक स्पीकर, जनरेटर, माइक स्टँड भाड्याने गेलाय आणि आमचे अर्धे नट पण तिकडे नाचायला. जे पैसे देतात तिकडे जाणारच. ओजा आणि मी चहा आणि तान, ही इथली पुरीसारखी भाकरी, खात बसलो.

२६ नोव्हेंबर

थोइबी कबावहून परत येते तो भाग बसला. नोंगबान रस्त्यात तिला घ्यायला घोडा घेऊन येतो, ती गोड बोलून त्याचाच घोडा घेते आणि त्याच्यावर बसून थेट खंबाच्या घरी. हा प्रसंग करणारीच्या अंगात आधीच आहे. पोलो जिथून जगात गेला त्या गावची मुलगी, घोडा म्हटलं की खांदे सरळ. गाणं ओजांनी एवढं खट्याळ केलं की नोंगबान करणाराही हसला. प्रश्न एकच, घोडा गेल्यावर नोंगबान रिकामा उभा राहतो तेव्हा ओजांनी त्याचं पण कडवं गावं का. ओजा म्हणाले गावंच. दीड मिनिट वाढलं.

२ डिसेंबर

शेवट. यावर सगळ्यात जास्त डोकं खाल्लं.

इचेचं आणि माझं मत एकच होतं. काठी चटईच्या भिंतीतून आत येते, फक्त तिचा आवाज, बांबूवर बांबू घासल्याचा, त्यासाठी चटईला मी माइक लावला होता, करकर अशी अंगावर येते. भाला दाखवायचा नाही. पेना बंद. अंधार. संपलं. तालमीत केलं, मस्त झालं, म्हणजे आमच्या दृष्टीने.

ओजा पेना गुंडाळून उठले. म्हणाले, लोक रात्रभर बसतात ते या जागेसाठी, आणि तुम्ही इथे लाइट घालवताय? थोइबी रडणार नाही? खम्नु येणार नाही?

इचे म्हणाली ओजा, प्रेक्षकाला कळतं, सगळं सांगायची गरज नाही. ओजा म्हणाले कळण्यासाठी कोण येतं, गोष्ट सगळ्यांना माहितीच आहे.

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला प्रायोगिकवाल्यांना शांततेचं फार कौतुक. काही सांगायचं नसलं की शांतता, जड झालं की शांतता. इथे ज्याला गोष्ट माहिती आहे तो माणूस रडायला आलाय, त्याला रडायला जागा द्यायची असते, आणि ती जागा म्हणजे गाणं. काठीची करकर ठेवली, ती ओजांनाही आवडली, तिच्यावर ते क्षणभर गज थांबवतात. पण त्यानंतर विलाप पूर्ण. थोइबीचा, मग खम्नुचा. खम्नु उशिरा येते, तिला काय दिसतं ते ओजा तिच्या वाटेने चालत चालत गातात, आधी दार, मग चटई, मग हात. तालमीत स्वतः माइक धरणारा पोरगा रडला आणि माइक खाली आला. त्याला समज दिली, रड पण हात वर ठेव.

८ डिसेंबर

अंधार साडेचार-पाचला. प्रयोग चारला सुरू करायचा, म्हणजे बैल उजेडात, लग्न संध्याकाळी, भाला रात्री. लाइटचा अर्धा खर्च वाचला. लोडशेडिंगसाठी सगळा साउंड बॅटरीवर. थंडीत पेनाचं चामडं सैल पडतं, ओजा शेगडीजवळ धरून शेकतात, मध्यंतर नाही म्हणून दुसरा पेना शेकून तयार ठेवायचा, ती जबाबदारी ढोलकवालीची. तिने स्वतःहून घेतली. ओजांनी ते बघितलं. नव्वद टक्के.

१३ डिसेंबर

पहिला प्रयोग काल झाला. अंगण भरलं, पोरं भिंतीवर, पुढे आज्या मोडे घेऊन, मोडा म्हणजे इथलं वेताचं बसायचं. दीड तासाचा एक तास पन्नास झाला, कारण ओजांना पुढच्या आज्यांनी उचलून धरलं, एक-दोन कडवी त्यांनी तिथल्या तिथे वाढवली आणि नटांना सतत सावध ठेवलं. पेना बदलताना मधे गॅप पडली नाही. बैलाच्या वेळी भिंतीवरची पोरं खरंच मागे सरकली. फुमदी छान. काठीच्या करकरीला कुत्रा भुंकला, वाईट नाही वाटलं. विलापाला आज्या मोकळ्या रडल्या आणि रडता रडता एकमेकींना सांगत होत्या की याने काठी घालायलाच नको होती. खंबाची बाजू घेणारं कुणी दिसलं नाही. ओजांनी घेतली फक्त, दोन ओळी.

नंतर चहाच्या वेळी खरं नाटक. एक आजोबा, काठी टेकत आले आणि थेट इचेला, शर्यत कुठे गेली? शर्यतीत खंबा नोंगबानला हरवतो म्हणून नोंगबान चिडतो, ते नसेल तर हा माणूस उगाच एवढा वाईट का वागतोय? मागून दुसरे म्हणाले कुस्ती पण नाही. मग एक बाई म्हणाल्या बैलाचा दोर आमच्याकडे असा नाही सांगत. त्यावर आजोबा आणि बाई यांच्यातच जुंपली. ओजा एका कोपऱ्यात बसून विडी ओढत ऐकत होते, फार खूश.

शर्यतीचा मुद्दा बरोबर आहे. नोंगबान आमच्या प्रयोगात सुरुवातीला नुसता व्हिलन वाटतो, घोड्याच्या कडव्यापर्यंत माणूस होत नाही.

१५ डिसेंबर

पुढचा प्रयोग २० ला, बिष्णुपूरच्या बाजूला. त्याआधी हे:

शर्यत आत घ्यायची, ढोलकवर, चार मिनिटं, हरल्यावर नोंगबानचं एक कडवं पेनावर. जागा करायला थांगजिंगसमोरच्या नाचातली दोन आवर्तनं कमी. इचे नाचणाऱ्यांशी बोलेल, मी नाही.

कुस्ती नाही म्हणजे नाही.

मागच्या रांगेसाठी पाचवा स्पीकर मागितलाय लोकांनी. आधी नाही म्हणालो होतो, पण मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना कडवी कळली नाहीत हे खरं. देतो, पण डिले लावून, म्हणजे आवाज क्षणभर उशिरा सोडून.

माइक धरणाऱ्या पोराला जाड हातमोजे नकोत, माइकवर घासतात. त्याला शाल.

चटई नवी. जुनीला भोक मोठं झालंय, काठी आता आवाज न करता जाते.

ढोलकवालीला ओजांनी विलापाच्या आधी दोन मिनिटं दिलीयत, स्वतःहून. काय वाजवायचं ते दोघांनी ठरवायचं आहे, मला फक्त लेव्हल सांगितली. टेम्पो सकाळी सहाला, सामानाची यादी पोरांकडे, जेवण तिकडेच.